पोळपाटाची कड

मोरेश्वररावांनी फुंकर मारून भुसा उडवला आणि नवा पोळपाट बायकोच्या मांडीवर ठेवला. निवृत्तीनंतर बाल्कनीत सुतारकाम मांडल्यापासून हा नेमच होता. लाकूड नीट घासलं गेलंय का ते डोळ्यांना कळत नाही, बोटांना कळतं, आणि तिची बोटं कधी चुकत नसत.

पण आठ महिन्यांपूर्वी तिला अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात हळूहळू हलू लागला, तरी चहाचा कप गरम आहे की गार हे त्याला समजत नव्हतं. तेव्हापासून ती डावा हात फिरवून "छान झालंय" म्हणायची, आणि त्या "छान"वर मोरेश्वररावांचा काडीचा विश्वास नव्हता.

आज ते म्हणाले, "उजवा फिरव. नाही कळलं तर नाही कळलं."

तिने नाक मुरडलं, पण हात फिरवला. कडेपाशी येताच तो झटकन मागे आला.

"आई गं. अहो, कड घासलीत की नुसती कुरवाळलीत? लाकडाची कूस गेली ना बोटात."

मोरेश्वरराव चिमटा आणायला उठले आणि दारातच थबकले. "कुठल्या बोटात?"

"ह्या बघा, ह्या..." बोट दाखवता दाखवता तिने ते डोळ्यांजवळ नेलं. उजव्या हाताच्या तर्जनीवर रक्ताचा बारीकसा थेंब उभा होता.

"दुखतंय?" त्यांनी हलकेच विचारलं.

"चांगलंच दुखतंय," ती त्या थेंबाकडे बघत म्हणाली. "चिमट्याची घाई नको. बसा जरा इथे."