हाताचं की हवेचं

“चालवणार कोण?” अर्जुनरावांनी विचारलं.

“आई,” पवन म्हणाला. शेजारी उभ्या असलेल्या मनकर्णाने डोक्यावरचा पदर सारखा केला.

“मग हवेचंच न्या.”

पवन मनातल्या मनात हसला. केजहून निघतानाच त्याने ओळखलं होतं, की अंबाजोगाईचा हा दुकानदार महागडं मशीन गळ्यात मारायला बघणार. टी-शर्टवर छपाईचा कागद ठेवायचा, वरून तापलेली पाटी दाबायची, की चित्र कापडावर उतरतं. पाटी हाताच्या दांड्याने दाबली काय आणि हवेच्या जोरावर दाबली काय, छाप तोच. मग कंप्रेसरचा खर्च कशाला? जुनं छोटं मशीन परवाच जळालं होतं आणि जयंतीच्या निळ्या टी-शर्टांची ऑर्डर डोक्यावर होती, हे खरं. पण म्हणून कुणीही यावं आणि टोपी घालावी, इतका काही पवन कच्च्या गुरूचा चेला नव्हता.

“हाताचंच मोठं दाखवा,” तो म्हणाला. “लग्न झाल्यापासून ऊस तोडलाय माझ्या आईनं. मोळी डोक्यावर घिऊन फळीवरनं ट्रकात चढायची. तिला काय हो ह्ये दांडकं?”

हे सांगताना त्याची छाती नेहमी फुगायची. आईचा कोयता सोडवला तो आपल्या दुकानाने, हा त्याचा अभिमान होता, आणि तो खोटाही नव्हता. दोन वर्षं झाली, मनकर्णा तोडीला गेली नव्हती. पवन कॉम्प्युटरवर चित्रं बनवायचा, ती मशीन चालवायची. सावलीतलं काम, असं तो चारचौघांत सांगायचा.

अर्जुनराव वाद घालत बसले नाहीत. “मावशी, तुमीच बघा एकदा दाबून,” ते म्हणाले.

दुकानात टी-शर्टांच्या घड्या घालणाऱ्या छबुबाईने एक कोरा टी-शर्ट मशीनवर पसरला, वर कागद ठेवला. मनकर्णाने दोन्ही हातांनी दांडा धरून खाली ओढला. तो अर्ध्यावर येऊन अडला.

“अगं, जोर लाव की,” पवन हसत म्हणाला. “बसून बसून आळशी झालीय ही.”

मनकर्णाही हसली. तिने पुन्हा दांडा धरला, पण या वेळी एकाच हाताने. दुसरा हात तिने ओटीपोटावर दाबून धरला होता. दांडा थोडा खाली आला, मग हातातून निसटून वर उडाला, आणि ती मटकन शेजारच्या खोक्यावर बसली. तिच्या कपाळावर घाम आला होता.

पवन पिशवीतली पाण्याची बाटली शोधायला लागला. छबुबाई मनकर्णाजवळ वाकली आणि हळूच म्हणाली, “गर्भाशय काडलंय का?”

“हं.”

“कवा?”

मनकर्णाने एकदा पवनकडे बघितलं. “लई सालं झाली. ह्यो तीन वर्साचा हुता. मुकादम म्हनला, तुझे खाडे लई व्हायलेत. काडून टाक, कटकट जाईल.”

“आन परत तोडीला?”

“त्याच साली गेलते की.”

बाटली पवनच्या हातात तशीच राहिली. तोडीला जाणाऱ्या बायांचं हे असं असतं, हे त्याने ऐकलं होतं. पण त्या बाया दुसऱ्या कुणाच्या तरी होत्या. तो पार हादरून गेला. पहिलीत असताना बहीण पाहिजे म्हणून त्याने अंगणात लोळण घेतली होती, तेव्हा हीच आई त्याला उचलून म्हणाली होती, पुढल्या साली आणू. पहिलीत. त्याला पुढचा हिशेब करवेना.

“मला कावून सांगितलं न्हाईस?” त्याने विचारलं.

“पोराला काय सांगायचं त्यात,” मनकर्णा म्हणाली.

त्याला कुणावर तरी भडकायचं होतं. तो अर्जुनरावांकडे वळला. “आन तुमाला कसं म्हाईत हुतं?”

“मला कुटं म्हाईत हुतं?” अर्जुनराव खाली बघत म्हणाले. “आई नायतर बायको चालवनार म्हनलं, की मी आदी हवेचं दाखवतो. हाताचं नेलेलं मशीन आठ दिसांत परत येतं. कावून आनलं, कुनी सांगत न्हाई. मीबी इचारीत न्हाई.”

छबुबाई घडी घालता घालता म्हणाली, “मलाबी हवेचंच लागतं.”

पवनने पलीकडच्या हवेच्या मशीनकडे नुसतं बोट दाखवलं. छबुबाईने मनकर्णाला हाताला धरून उठवलं, त्या मशीनपुढे उभं केलं आणि खालची पट्टी दाखवली. “पाय टेकवा. नुसता टेकवा.”

मनकर्णाने चप्पल काढली. एक हात पोटावर घट्ट धरला, श्वास रोखला आणि पाय टेकवला. फुस्स आवाज झाला. पाटी आपली आपण खाली आली, कापडावर बसली आणि थोड्या वेळाने आपली आपण वर गेली.

मनकर्णा श्वास रोखून तशीच उभी होती.

“झालं,” छबुबाई म्हणाली.

“येवडंच?” मनकर्णाने विचारलं. पोटावरचा हात तिने अजून काढला नव्हता.