येते

"आणि आता, येते!" मेइलानने माइकवर पुकारलं. टाळ्या पडल्या. उठलं मात्र कोणीच नाही.

आयर्लंडमधल्या कासलबार गावच्या वाचनालयात जमलेली माणसं इकडेतिकडे बघू लागली. तिसऱ्या रांगेतल्या उपेंद्रने मान उंचावली. इथे मराठी शब्द कुठून आला? शेजारी त्याची आई, सुलभाताई, कानापर्यंत लाल झाल्या होत्या.

मेइलान चीनहून आली आणि एका टेकअवेच्या किचनमध्ये वर्षानुवर्षं मुकाट कोबी चिरत होती. सगळे सोयीचं म्हणून तिला मेरी म्हणत. पुढे तिच्या कविता छापून आल्या आणि मेरीची पुन्हा मेइलान झाली. आता दर गुरुवारी ती गावातल्या गप्प माणसांना वाचनालयात गोळा करायची. मुलांकडे राहायला आलेले आईबाप, हॉटेलात भांडी घासणारे, कोणीही चालायचं. आपापल्या भाषेत बोला, अर्थ नाही कळला तरी बिघडत नाही, असं तिचं म्हणणं. फक्त कोणाचं नाव चुकता कामा नये, यावर मात्र ती अडून बसायची.

आणि तिथेच गंमत झाली. पहिल्या गुरुवारी निघताना मेइलानने छातीवर हात ठेवून स्वतःचं नाव सांगितलं. सुलभाताईंना वाटलं, चिनी भाषेत निरोप घेतेय बिचारी. त्यांनीही कोट चढवत हात जोडले आणि म्हणाल्या, "येते."

झालं. पुढच्या गुरुवारी दारातच "हॅलो, येते!" ऐकून सुलभाताई हरखल्या. बाईने आपल्यासाठी मराठी शब्द शिकून ठेवला! मग कोण कशाला सुधारायला जातं?

खरं तर या देशात आल्यापासून त्यांचा आवाज असा कोणी ऐकलाच नव्हता. डॉक्टरांनी विचारलं तरी उपेंद्र उत्तर द्यायचा, शेजारणीने विचारलं तरी तोच. "शी इज ग्रँड," म्हणजे अगदी मजेत आहे. मुलगा प्रेमळच होता, पण आईला धाप लागलेली असो की घरची आठवण येत असो, ती आपली ग्रँडच. कपडे वाळत घालायचे, पाऊस आला की पळत आत आणायचे, पुन्हा घालायचे, यावर सुलभाताईंनी काही ओळी जुळवल्या होत्या. नळ सोडून, कोणाला ऐकू जाणार नाही अशा बेताने त्या म्हणून बघायच्या. गेल्या गुरुवारी मेइलानने "कोण वाचणार?" विचारलं तेव्हा त्यांनी हळूच हात वर केला होता. घरी मात्र चकार शब्द काढला नव्हता.

आता त्या पदराचं टोक चाळवत बसून राहिल्या. नाव तरी कुठे आपलं पुकारलंय? गप्प बसलो तर कोणाला कळणार आहे?

"येते?" मेइलानने थेट त्यांच्याकडे हात केला.

उपेंद्र ताडकन उठला. "सॉरी हं, काहीतरी गोंधळ झालाय. ही माझी आई. हिचं नाव सुलभा. हिला इंग्लिश येत नाही. काय सांगायचं ते मीच सांगतो."

"इंग्लिश कोणी मागितलंय?" मेइलान म्हणाली. मग तिचा चेहरा पडला. "म्हणजे येते हे नाव नाही? मी इतके दिवस चुकीच्या नावाने हाक मारत होते?"

"नाव नाही ते. आम्ही निघताना 'जाते' म्हणत नाही, अशुभ वाटतं. म्हणून 'येते' म्हणायचं. म्हणजे, मी येतेय."

मेइलान खळखळून हसली. "अरे, मग ती मला दर आठवड्याला सांगतेय की मी येतेय. आणि तू म्हणतोस तिच्याऐवजी तू येणार!"

अख्खं वाचनालय हसलं. उपेंद्रही हसला, पण वाटेतून काही हलला नाही. सुलभाताईंना एकदम फार बरं वाटलं. त्या उठल्या. पदर सारखा केला. मुलाच्या दंडाला धरून त्याला हळूच खुर्चीत बसवलं.

"येते रे," त्या म्हणाल्या, आणि माइककडे निघाल्या.