हवालदाराच्या बागेचा बोर्ड

बोर्ड पुन्हा गेला होता. बागेच्या फाटकावर नुसती लोखंडी चौकट उरली होती. बोल्ट मात्र नीट काढून खाली ठेवलेले.

विनोद बिलोलीहून मोटरसायकलवर आला तेव्हा वस्तीतली पोरं जमली होती. त्याची माय, नागुबाई, आत कडुलिंबाच्या आळ्यात पाणी ओतत होती.

"माय, बोर्ड परत काढला अन् तू पाणी घालून राहिलीस?"

"झाडानं काय केलंय?"

हवालदार व्यंकटी म्हणजे विनोदचा बाप. कारगिलच्या लढाईत मांडीत गोळी असताना त्यानं जखमी साथीदाराला पाठीवर खाली आणलं. सेना मेडल मिळालं. पलटणीत सगळे त्याला आडनावानं हाक मारत. गावात परतला की तो नुसता व्यंकटी. निवृत्त झाल्यावर त्यानं गावचा हा उकिरडा साफ केला, झाडं लावली, आणि रोज पहाटे भरतीला जाणाऱ्या पोरांकडून इथं पळायचा सराव करून घेतला. कुणाचा पोरगा, हे कधी विचारलं नाही.

गेल्या साली तो वारला. जागेला त्याचं नाव द्यायचं ठरलं, तेव्हा भुजंग पाटील ग्रामसभेत उठून म्हणाले होते, "देवाचं नाव द्या. माणसाचं कशाला?"

तरीही बोर्ड लागला. 'वीर हवालदार व्यंकटराव उद्यान'. नागुबाईनं तो सावकाश वाचला, पुन्हा वाचला, आणि पदरानं तोंड पुसत घरी निघून गेली. बाईला भरून आलं, असं लोक म्हणाले.

आता सरपंच वैजनाथ लगबगीनं आला.

"मावशी, जिवाला लावून घेऊ नका. तिसरा करायला टाकलाय. हुबेहूब तसाच."

"तसाच?"

"एक अक्षर बदलणार न्हाई."

"मी तुमाला पयल्या दिवशीच बोलले होते, सरपंच."

"हाव, ध्यानात हाय. पण सगळ्या गावाची बाग हाय, मावशी. समद्यांना धरून चालावं लागतं."

नागुबाईनं रिकामी बादली उचलली आणि हापशाकडं गेली.

दुपारी पोलिसांनी सत्यमला उचललं. तो भुजंग पाटलांचा मुलगा. व्यंकटीच्याच हाताखाली पळून पोलीस भरतीत निवडला गेलेला, अजून रुजू व्हायचा होता. गुन्हा दाखल झाला की नोकरी गेलीच. विनोदला बरं वाटलं.

"आता कळंल पाटलाला. माय, चल. फिर्याद तुझ्या नावानं द्यायची."

नागुबाईनं ठेवणीतली पांढरी साडी नेसली. घरातून एक पिशवी घेतली.

"चल. लई दिवस गप बसले."

ठाण्याच्या आवारात वस्तीतली पोरं घोषणा देत होती. भुजंग पाटील पायरीपाशी उभे होते. सगळ्या हयातीत त्यांनी कधी जोडले नव्हते ते हात आज तिच्यापुढं जोडले.

"नागुबाई, पोराचा जल्म जाईल."

ती पिशवी छातीशी धरून तशीच आत गेली.

फौजदारानं खुर्ची दिली. सरपंच आधीच येऊन बसला होता. सत्यम भिंतीला टेकून उभा होता.

"काकू, हवालदारकाकांची शपथ, मी न्हाई."

"तू गप ऱ्हा," नागुबाई म्हणाली.

फौजदारानं पेन उचललं. "बोला बाई. तुमचा संशय कुणावर?"

"संशय न्हाई, साहेब. मला ठाऊक हाय."

विनोद पुढं सरकला. "सांग माय. भिऊ नको कुणाला."

"मी कशाला भिऊ?"

"मग नाव सांगा," फौजदार म्हणाला.

नागुबाईनं पिशवीत हात घातला आणि बोल्ट खोलायचा पाना काढून टेबलावर ठेवला.

"दोन्ही बोर्ड माझ्या घरी कणगीमागं हायत. पोराला सोडा. अन् नाव लिहायचं तर पुरं लिहा, साहेब. नागुबाई व्यंकटी सोनकांबळे." मग ती सरपंचाकडं वळली. "तिसऱ्या बोर्डावर हे आडनाव दिसलं न्हाई, तर तोबी काढीन."