लाल पट्टीचं खोकं

"याहून लहान नाही का?" म्हातारीनं विचारलं.

"चोवीस इंचाच्या खाली आमच्याकडे नाही, मावशी. हा सगळ्यात स्वस्त," फिटर म्हणाला. "घरात बघणारे किती जण?"

"मी आणि भिंतीवरची पाल."

दुकानातले सगळे हसले. फिटरही हसला. टीव्ही केवढा घ्यायचा ते बघणारे किती यावर ठरतं, म्हणून हा प्रश्न तो प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारायचा. त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे.

तासाभरात तो तिच्या घरी होता. तळमजल्यावर दोन खोल्या, दार एकच, कडी ढिली. शेजारच्या घराला कुलूप. पलंगाखाली पत्र्याची ट्रंक, म्हातारीच्या हातात सोन्याच्या चार बांगड्या. भिंतीला भोकं पाडता पाडता त्यानं हे सगळं टिपलं. नजर सरावलेली होती, मुद्दाम बघावं लागत नव्हतं.

म्हातारी काही गप्प बसणाऱ्यातली नव्हती. तो पडेल म्हणून तिनं स्टुलाचा पाय धरून ठेवला होता. जणू तिच्या धरण्यानं तो पडायचा थांबणार होता!

"लग्न झालंय का रे?"

"झालंय. बायकोला नववा लागलाय."

"मग तिच्यापाशी कोण असतं?"

"दिवसभर एकटीच. इथेच मागच्या गल्लीत राहतो आम्ही, पिठाच्या गिरणीला लागून. गिरणी सुरू झाली की शेजारच्याला हाक मारली तरी ऐकू जात नाही."

"टीव्ही तरी आहे का बिचारीला?"

"कुठला! गावभर मी टीव्ही लावत फिरतो, माझ्याच घरी दिव्याखाली अंधार."

"आणि बाळाची तयारी?"

"होईल की आपोआप."

"आपोआप काही होत नसतं, मेल्या," म्हातारी म्हणाली आणि विचारात पडली.

पडद्यावर चित्र आलं. कुठल्याशा मालिकेतली बाई रडत होती. म्हातारीला कमी ऐकू यायचं, तिनं आवाज भरपूर वाढवून घेतला. ते फिटरला बरंच वाटलं. बरं वाटल्याची मग लाजही वाटली.

रिकामं खोकं त्यानं दाराबाहेर उभं केलं. खिशातून लाल चिकटपट्टी काढून कोपऱ्यावर एक पट्टा मारला.

"हे कशाला?"

"दुकानाची खूण. दुपारी दोन माणसं खोकं न्यायला येतील. त्यांना दार उघडा, कागदावर सही द्यायची असते."

"चांगलं दणकट आहे रे. आत ठेवू का?"

"नको नको. बाहेरच असू द्या."

जाताना तिनं त्याच्या शर्टावरची भिंतीची भुकटी हातानं झटकली. तो तिच्याकडे न बघता निघाला.

ती दोन माणसं त्यानं कधी पाहिली नव्हती. त्यांनीही त्याला पाहिलं नव्हतं. ठरलंच होतं तसं, म्हणजे एक सापडला तर दुसऱ्याचं नाव सांगता येऊ नये. फिटरनं नुसती वस्ती कळवायची. घर ते लाल पट्टीवरून हुडकायचे. जिथे खोकं तिथे शिरायचं, घर कुणाचं ते विचारायचं नाही. कुणाच्या अंगाला हात लावायचा नाही, हेही ठरलं होतं. पण गेल्या महिन्यात एका म्हाताऱ्या मास्तरांनी आरडाओरडा केला, ते अजून दवाखान्यातून उठले नव्हते. फिटरला तेव्हा तीन दिवस घास गेला नाही. चौथ्या दिवशी गेला.

आज पुन्हा डबा तसाच समोर पडला होता. दुकानाच्या भिंतीवर वीस टीव्ही लागलेले, आणि विसांवरही तीच बाई रडत होती. म्हातारीच्या बांगड्या मनगटात रुतल्या होत्या, हे त्याला आत्ता आठवलं. त्या सहजी निघायच्या नाहीत. ओढूनही निघायच्या नाहीत.

अडीच वाजता त्याला राहवेना. पावतीवरून नंबर काढून त्यानं फोन लावला. बराच वेळ नुसताच वाजत राहिला.

"कोण?" म्हातारी टीव्हीच्या आवाजावर आवाज चढवून ओरडली.

"मावशी, मी टीव्हीवाला! ते खोकं आधी आत घ्या. आणि कुणीही आलं तरी दार उघडू नका!"

"खोकं? ते केव्हाच गेलं की."

"गेलं? तुम्ही बऱ्या आहात ना?"

"मला काय धाड भरलीय! तू घरी जा, मग कळेल तुला," असं म्हणून तिनं हसत हसत फोन ठेवला.

फिटरच्या जिवात जीव आला. कुण्या भंगारवाल्यानं उचललं असणार, त्याचं भलं होवो. खुणेचं खोकं नाही म्हटल्यावर ती दोघं आल्या पावली परत जातील. आजपासून हे बंद. त्यानं खिशातली लाल पट्टी काढली आणि कचऱ्याच्या डब्यात टाकली. मग हात धुऊन जेवायला बसला. भूक चांगलीच लागली होती.

दुसरा घास घेतो न घेतो तोच बायकोचा फोन आला.

"अहो, जरा मोठ्यानं बोला, गिरणी चालू आहे. तुमच्या त्या टीव्हीवाल्या मावशी किती हो चांगल्या! हातगाडीवाल्याबरोबर खोकं भरून बाळाचे कपडे पाठवलेत. त्यांच्या बाळासाठी शिवलेले होते म्हणे, कधी अंगाला लागलेच नाहीत. मला मेलीला भरून आलं बघा. खोकं इतकं जड, मला कुठलं उचलतंय, म्हणून दाराबाहेरच राहू दिलंय. तुम्ही आलात की... थांबा हं, दार वाजतंय. तुमच्या दुकानातली दोन माणसं आलीत, खोकं न्यायला म्हणे. उघडते मी."