दोन एमएमचा फरक

ऐक ना, मध्ये बोलू नकोस! कुरुळीची फरहीन तीन दिवस जुन्या कॉम्प्युटरशी झगडत होती. स्क्रीनवर वर्तुळ काढायचा ग्राफिक्सचा प्रोग्राम कंपाइल केला की एरर! अब्बांनी बजावलेलं, "आज चाललं नाही, तर सोमवारपासून पॅकिंगच्या कामाला जायचं." शेवटी राहिलेली एक फाइल तिनं योग्य फोल्डरमध्ये टाकली आणि स्क्रीनवर लालभडक वर्तुळ उमटलं, राव! अब्बा भोसरीच्या कारखान्यात लेथ मशीनवर लोखंडाचे पीस कातायचं काम करतात. त्यांनी खिशातून जाडी मापायचा व्हर्निअर काढला आणि थेट स्क्रीनलाच लावला. आडवं मापलं, उभं मापलं. "दोन एमएमनं चपटंय. पीस रिजेक्ट."

फरहीनचा चेहराच पडला. "म्हणजे सोमवारी पॅकिंगला?"

"येडी का? एक पीस रिजेक्ट झाला म्हणून कुणी लेथ विकतं का? दुसरा काढ. मशीन चाललंय ना!"

सांग, तू असतास तर आधी अब्बांना मिठी मारली असतीस, की वर्तुळ गोल केलं असतंस?