गुळगुळीत

बाळकुमच्या मनुबाईला आता डोळ्यांनी जवळजवळ काहीच दिसत नाही. पण आयुष्यभर खाडीत चिंबोऱ्या धरलेल्या तिच्या बोटांना मुठीत मावणारा तो बटणांचा फोन पाठ होता. दोनाचं बटण दाबून धरलं की डोंबिवलीला मानपाड्यात राहणाऱ्या लेकाला, मितेशला, फोन लागायचा; तो ती दिवसातून दहादा लावायची. दिवसभरात तिचं दुसऱ्या कुणाशी फारसं बोलणं व्हायचंच नाही.

नारळी पुनवेला मितेश बायकोला, दक्षताला, घेऊन आला आणि त्याने आईच्या हातात नवाकोरा, पाटाएवढा स्मार्टफोन ठेवला. एका हातात मावेना, म्हणून तिने तो ताटासारखा दोन्ही हातांनी धरला. बघायला अख्खी आळी जमली.

मनुबाईने काचेवरून अंगठा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवला. "यो फोन हाय क आरसा? मना बटनच गावत नाय रं."

"होईल गं सवय, आये," म्हणत मितेशने तिचा जुना फोन आपल्या खिशात टाकला.

शेजारच्या जयाने तिथल्या तिथे आपल्या मुलाला सुनावलं, "बघ, शिक जरा! आईसाठी केवढा भारी फोन आणलाय!"

परतताना गाडीत दक्षताने नवऱ्याला काळजीने विचारलं, "पण आईंना जमला तर रे?"



"नाही जमणार. दुकानात मी डोळे मिटून लावून बघितला. लागला नाही, तेव्हाच घेतला."