एकशेवीस-ऐंशी

“एकशेवीस-ऐंशी,” पूर्वा म्हणाली. “एकदम नॉर्मल, आजी.”

“माझं?” यमुनाबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. “मगाशी ललिताचं एकशेवीस-ऐंशी. वैजनाथचंही तेच. तो गृहस्थ वर्षानुवर्षं बीपीच्या गोळ्या खातोय! अगं, ही सोसायटी आहे का आरोग्यधाम?”

पूर्वाने मान खाली घातली. झालं, फुटलं बिंग.

सगळा घोळ तिच्या बाबांच्या उत्साहाने झाला होता. लेक उद्यापासून नर्सिंग कॉलेजला जाणार म्हटल्यावर संजयचे पाय जमिनीवर राहिनात. त्याने तिच्यासाठी बीपीचं यंत्र आणि स्टेथोस्कोप आणला, तो आणला, वर सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज ठोकून दिला: रविवारी सकाळी पार्किंगमध्ये आमच्या पूर्वाकडून सर्वांचे बीपी मोफत तपासून मिळेल. मोफत म्हटल्यावर पुण्यात घरी कोण थांबतंय! अख्खी बिल्डिंग दंड उघडे करून हजर. संजयने सगळ्यांना चहा पाजला. तपासून झालेले आपापल्या घरी गेले, शेवटी यमुनाबाई उरल्या आणि दूध संपलं म्हणून आता तो स्कूटर काढून डेअरीवर गेला होता.

पूर्वाने व्हिडिओ पाहून सगळं घोटलं होतं. पट्टा गुंडाळायचा, फुगा दाबायचा, हवा सोडत, काट्यावर नजर ठेवून ठोके ऐकायचे. पण ठोके ऐकू येतील तर ना! ललिताकाकूंच्या हाताला स्टेथोस्कोपची चकती लावली तर कानात नुसता शुकशुकाट. काकू कौतुकाने बघताहेत, बाबा मागे छाती फुगवून उभे. पोरीच्या तोंडून निघून गेलं, एकशेवीस-ऐंशी. एकदा निघालं ते पुढे सगळ्यांना तेच.

“आजी, मला कुणाचंच काही ऐकू आलं नाही. मी थापा मारल्या. साधे ठोके कळत नाहीत, मी कसली नर्स होतेय? उद्या वर्गात सगळ्यांसमोर हेच होणार. नापास होऊन घरी बसण्यापेक्षा जायलाच नको. बाबांना तुम्ही सांगाल का?”

“मी का सांगू? बाप तुझा, तोंड तुझं,” यमुनाबाई म्हणाल्या. “आण ती चकती इकडे. राहू देत त्या नळ्या कानात.”

सोसायटीच्या गणपतीत दरवर्षी निवेदन यमुनाबाईंचंच. त्यामुळे हातात गोल काही आलं की त्यांना सवयीने जे सुचतं, तेच त्यांनी केलं. चकती तोंडासमोर धरली, नखाने टकटक वाजवली आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, “हॅलो, हॅलो! माइक टेस्टिंग! येतंय का ऐकू?”

“तुमचं बोलणं येतंय. टकटक नाही आली.”

“मग तुझ्या कानांना काय धाड भरलीय? माइक बंद आहे. आपल्या गणपतीत दरवर्षी नाही का होत? बटण बघ कुठे आहे.”

“आजी, याला बटण नसतं हो,” असं म्हणत पूर्वाने चकती हातात घेऊन उलटसुलट केली. चकती नळीवर गर्रकन फिरली, टक् करून बसली आणि इतका वेळ बंद असलेली बाजू चालू झाली. यमुनाबाईंनी पुन्हा टिचकी मारली.

“आई गं!” पूर्वा खुर्चीतून उडालीच.

“लागला माइक,” यमुनाबाई म्हणाल्या आणि त्यांनी दंड पुढे केला.

पूर्वाने फुगा दाबला, हवा सोडली. आणि आला ठोका! धप्, धप्, धप्. कुणीतरी आतून दार वाजवावं तसा. तिला इतका आनंद झाला की आकडे बघायचेच राहिले. पुन्हा पहिल्यापासून पट्टा फुगवावा लागला.

“एकशेछप्पन्न-नव्वद!”

“हां. ही मी,” यमुनाबाई प्रसन्न झाल्या. “मगाशी कुणा भलतीचंच सांगत होतीस.”

पूर्वा हसली आणि एकदम थांबली. “बाकीच्यांचं काय, आजी?”

“हाक मार.”

“हसतील सगळे.”

“हसू देत की. आणि लवकर मार, वैजनाथकडून भज्यांचा वास येतोय.”

पूर्वा उठली. छातीत स्टेथोस्कोपशिवाय ऐकू यावं असं धडधडत होतं. तिने वर गॅलऱ्यांकडे बघून जोरात हाक दिली, “वैजनाथकाका! ललिताकाकू! सगळे परत खाली या! मी मगाशी सगळ्यांचं चुकीचं सांगितलं!”

दुसऱ्या मजल्यावरून ललिताकाकू खो खो हसायला लागल्या आणि गॅलरी-गॅलरीतून हशा उसळला. पण माणसं खाली आली. वैजनाथकाका हातातल्या भज्यासकट आले.

“म्हणजे मी बरा झालेलो नाही?”

“आधी ते भजं ठेवा, काका. बसा. हात सैल सोडा.”

काकांनी निमूटपणे भजं ठेवलं. पूर्वाने पट्टा गुंडाळला. नळ्या कानात घालून चकतीवर टिचकी मारून पाहिली. तेवढ्यात संजय दुधाच्या पिशव्या घेऊन स्कूटरवरून आत आला. “काय झालं? काय झालं?” आणि सगळेच त्याला एकदम सांगायला लागले.

“जरा गप्प बसा सगळे,” पूर्वा म्हणाली. “मला ऐकायचंय.”

संजयने स्कूटर बंद केली. सोसायटीच्या कुठल्याही मीटिंगला आजवर झाली नव्हती अशी शांतता झाली.

यमुनाबाईंना तेवढीही सोसवेना. त्या वाकून हळूच म्हणाल्या, “काय गं, मग बाबांना कधी सांगतेस? जायचं नाही म्हणून?”

पूर्वाने काट्यावरची नजर हलवली नाही.

“शूऽऽ, आजी. पेशंट आहे.”